येवा, मगर आपलीच आसा!

सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यात सरकारला एक थीम पार्क उभारायचा होता. नाव सी-वर्ल्ड, जागा तोंडवळी-वायंगणीची आणि सुरुवातीला सांगितलेलं क्षेत्र 1390 एकर. एवढ्या एकरांत नुसते मासे ठेवणार की माशांची सगळी भावकी, असा प्रश्न लोकांना पडला. समोर अख्खा अरबी समुद्र फुकट पसरलेला असताना काचेच्या पेटीत समुद्र भरायचा आणि तो तिकीट लावून दाखवायचा, ही कल्पना ज्याला सुचली तो घाटावरचाच असणार, यावर समर्थक आणि विरोधक दोघांचंही एकमत होतं. पुढे सभा झाल्या, विरोध झाला, एकर कमी करण्याची बोलणी झाली, सरकारं बदलली आणि सी-वर्ल्ड फायलीतल्या फायलीत पोहत राहिलं.

पार्क आला नाही, पण पार्कातला खेळ मात्र जिल्ह्यात चालूच आहे आणि तोही बिनतिकिटाचा. कुडाळला भंगसाळ नदीत मगरी आहेत. बांद्याला तेरेखोल नदीत आहेत. सावंतवाडीच्या मोती तलावाकाठी संध्याकाळी अर्धं शहर फेऱ्या मारायला येतं आणि उरलेलं अर्धं, फेऱ्या मारणाऱ्यांना बघायला. तिथेही अधूनमधून मगर दिसल्याची वार्ता उठते आणि मग चार दिवस फेऱ्यांचा वेग वाढतो. डॉक्टरांनी वर्षानुवर्षं सांगून जे जमलं नाही, ते मगरीने न सांगता जमवलं. 1997 साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला ‘येवा, कोकण आपलाच आसा’ म्हणून हाक घालतो आहोत. हे वाक्य मनावर कुणी घेतलं असेल, तर ते मगरीने.

फ्लोरिडातल्या लोकांनी हा प्रकार उलट्या क्रमाने केला. त्यांच्याकडे आधी दलदल होती, दलदलीत अ‍ॅलिगेटर होते आणि मग 1971 साली ऑरलँडोजवळ त्याच मुलखात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडलं. त्या एका राज्यात अ‍ॅलिगेटरांची संख्या 13 लाखांच्या घरात सांगतात. 2011 च्या जनगणनेत आमच्या अख्ख्या जिल्ह्यात माणसं साडेआठ लाखही भरली नव्हती. त्यातली किती गणपती सोडून एरवी घरी सापडतात, हा भाग निराळाच. डिस्नेच्या पार्कात जंगल क्रूझ नावाची एक बोटफेरी आहे. तिच्या वाटेवर यंत्राने तोंड उघडणाऱ्या खोट्या मगरी बसवल्या आहेत. बोट आली की तोंड उघडतं, पोरं किंचाळतात, पैसे वसूल होतात. त्याच आवारातल्या तळ्या-कालव्यांत खरे अ‍ॅलिगेटरही राहतात आणि ते दिवसभर काहीही करत नाहीत. त्यामुळे लोकांना खोटी मगर खरी वाटते आणि खरा अ‍ॅलिगेटर बिघडलेला वाटतो.

या गैरसमजाची किंमत कधीकधी फार मोठी असते. 2016 साली तिथल्या एका रिसॉर्टच्या तळ्याकाठी दोन वर्षांच्या मुलाचा अ‍ॅलिगेटरच्या हल्ल्यात जीव गेला. तोवर काठावर ‘पोहू नका’ एवढीच पाटी होती. पाण्यात कोण राहतं, ते पाटीवर नव्हतं. ते नंतर लिहिलं गेलं आणि काठाला कुंपणंही नंतर पडली. आपल्याकडे सांगलीजवळ कृष्णेच्या काठच्या गावांनीही असे घाव सोसले आहेत, तेव्हा पुढे जे काही हसायचं आहे ते दोन पायांच्या प्राण्याला हसायचं आहे, एवढं आताच सांगून ठेवतो.

आपल्या नद्यांत अ‍ॅलिगेटर नाही. आपली ती मगर. पण मगरींच्या सगळ्या जातींत आपल्या मगरीचं तोंड सर्वांत रुंद, त्यामुळे लांबून बघणारा फसतो. खात्री करायची असेल तर तोंड मिटलेलं असताना बघावं. खालचा चौथा दात बाहेर दिसला तर मगर, नाही दिसला तर अ‍ॅलिगेटर. चौथा दात मोजता येईल एवढ्या जवळ जो गेला, त्याला उत्तराचा फारसा उपयोग होत नाही.

मगर बघायची ती थंडीत. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं वर गेलं की नदीच्या मधल्या वाळूच्या बेटावर ती येऊन पडते. अंगावर सुकलेल्या चिखलाचा करडा थर, पाठीवर खवल्यांच्या सरळ रांगा, शेपटीचं टोक अजून पाण्यातच. पुढचे पाय दोन्ही बाजूंना सैल सोडलेले, पंजा उलटा पडलेला आणि तोंड वासलेलं. आतला फिकट पिवळसर जबडा पुलावरूनसुद्धा दिसतो. दोन हातांवर एक बगळा उभा असतो. त्याला तिची भीती नाही आणि तिला त्याची घाई नाही. थंड रक्ताचा प्राणी आहे, ऊन खाऊन अंग तापवतो आणि डोकं जास्त तापू नये म्हणून तोंड उघडं ठेवतो. हे आपल्याला पुस्तकात वाचून कळतं. पुलावर गाडी थांबवलेल्या माणसांना मात्र त्या उघड्या तोंडाचे स्वतःचे असे अर्थ लागतात.

‘चिडलीय बघ ती,’ एमएच 09 मधून उतरलेला एकजण म्हणतो.

‘छे, जांभई देतेय,’ एमएच 12.

‘मेली असेल,’ एमएच 12 च्याच मागच्या सीटवरून एक सुजाण आवाज येतो. ‘एवढा वेळ कोण तोंड उघडं ठेवतं?’ यावर पुढच्या सीटवरचा नवरा काही बोलत नाही. लग्नाला बरीच वर्षं झालेली दिसतात.

मग कुणाला तरी वाटतं की ती प्लॅस्टिकची आहे. हा संशय एकदा हवेत आला की त्याला पुरावा लागतो आणि पुरावा म्हणजे धोंडा. बाजाराची पिशवी घेऊन जाणारा आमचा एमएच 07 वाला तेवढ्यात सायकल थांबवतो. ‘धोंडो मारू नको रे मेल्या! तुझ्या घराकडे कोण येवन तुका धोंडे मारता काय?’ पाहुणे ओशाळतात. ‘किती वाजता हलते ती?’ असं त्यालाच विचारतात. ‘ती सांगान हालणा नाय,’ एवढं बोलून तो पुढे निघतो, कारण पिशवीत बांगडे असतात आणि बांगड्यांना वेळ असते.

प्लॅस्टिकचा संशय आपल्याच लोकांना येतो असं नाही. 2021 साली फिलिपिन्समधल्या कागायन दे ओरो इथल्या एका पार्कात साठीतल्या एका गृहस्थांना तळ्यातली बारा फुटी मगर ही मूर्ती वाटली. इतकी शांत, इतकी सुबक! ते मोबाइल हातात घेऊन आत उतरले आणि तिच्याशेजारी सेल्फी काढू लागले. मूर्तीने त्यांचा डावा हात धरला. हात सुटला, जीव वाचला, टाके पडले. घरच्यांचं म्हणणं पडलं की आत जाऊ नका अशी पाटी कुठे नव्हती, आणि पार्कवाल्यांचं म्हणणं पडलं की आत जायचं नाही हे आमचे मार्गदर्शक तोंडाने सांगतातच. दोघांचंही बरोबरच होतं म्हणा.

आमच्याकडे पर्यटकांना ‘किती वाजता’ विचारायची सवय लावली डॉल्फिनने, असं माझं स्पष्ट मत आहे. तारकर्ली-देवबागला सकाळी होडीत बसलं की थोड्या वेळात पाठी वर येतात, मुलं ‘ओऽऽ’ करतात, होडीवाला इंजिन मंद करतो आणि सगळं नाश्त्याच्या आत आटोपतं. डॉल्फिन हा स्वभावाने उमेदवार आहे. दहा वेळा दर्शन देईल, लांबून का होईना हात हलवल्यासारखा शेपूट हलवेल. मगर निवडून आलेली आहे. तिला आता कुणासमोर यायची गरज नाही. महिनोन् महिने न खाता काढू शकते, तासभर पाण्याखाली श्वास धरते, आणि वर आली तरी दोन डोळे आणि नाकाचं टोक एवढाच भाग जनतेसमोर ठेवते. तेवढ्यावर फोटो निघत नाही. फोटो निघाला तरी घरी गेल्यावर ‘हे लाकूड कशाला काढलंस’ असंच विचारतात.

आणि लाकूड म्हटलं म्हणून सांगतो. चेन्नईजवळ 1976 साली रोम्युलस व्हिटेकर यांनी मगरींचं केंद्र सुरू केलं. तिथल्या मगरी नाकावर काटक्या घेऊन पाण्यात निश्चल पडून राहतात, असं अभ्यासकांनी 2013 साली नोंदवलं. घरट्यांचा हंगाम असतो, बगळ्यांना काटक्या हव्या असतात, काटकी उचलायला बगळा खाली येतो आणि मगरीचं जेवण होतं. आमच्याकडच्या काही खोल्यांवर ‘सी टच’ असं लिहिलेलं असतं, तिथून समुद्र गाठायला रिक्षा करावी लागते. तंत्र तेच. फक्त मगर पाहुण्याला नाश्ता देत नाही, करते.

तेरेखोल नदीचं एक वेगळंच राजकारण आहे. मनोहरगडाकडून येणारी ही नदी बांद्यावरून खाली उतरते, पुढे महाराष्ट्र आणि गोव्याची हद्द होते आणि समुद्राला मिळते. या हद्दीची आमच्या माणसांना चांगली धास्ती. गोव्याहून परतताना इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर डिकी उघडावी लागते, चेहरा निर्मळ ठेवावा लागतो आणि मागच्या सीटवरच्या सासूबाईंच्या पायाखालची पिशवी ही सासूबाईंचीच आहे असं दाखवावं लागतं. नदीतली मगर मात्र सकाळी गोव्यात ऊन खाते, दुपारी महाराष्ट्रात उतरते, परवाना नाही, तपासणी नाही. पोटात काय आहे हे विचारायची कुणाची छाती नाही.

तिच्यामागे कायदाही भक्कम उभा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. 1975 मध्ये देशात मगरी वाचवायचा खास प्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्या संपतच आल्या होत्या. कातड्यासाठी एवढ्या मारल्या गेल्या होत्या की नदीपेक्षा पर्समध्ये जास्त असतील. आता त्या परत दिसतात, तर लोक वनखात्याला फोन करून सांगतात की आमच्या नदीत मगर आली आहे, घेऊन जा. खातं तरी कुठे नेणार? नेऊन सोडायची ती दुसऱ्या नदीतच, आणि दुसऱ्या नदीच्या काठावरही फोन आहेतच. सासरी-माहेरी दोन्हीकडे ‘आता तुमचं तुम्ही बघा’ ऐकून घेणाऱ्या बाईसारखी मगरीची गत आहे.

वाळूचं तर विचारूच नका. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान मगर काठावरच्या वाळूत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते. काठ निवडायला ती रात्रीची येते. आमच्या जिल्ह्यात रात्रीचे काठावर आणखीही काहीजण असतात, त्यांच्याकडे डंपर असतो. सकाळी बघावं तर काठच जागेवर नाही! ज्या काठावर बाळंतपण व्हायचं, त्याचा कुणाच्या तरी बंगल्याला स्लॅब पडलेला असतो. यातूनही अंडी वाचली तर दोनेक महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, म्हणजे शाळा उघडायच्या सुमाराला पिल्लं बाहेर येतात. आई त्यांना जबड्यात उचलून पाण्यात नेते. चेन्नईच्या त्याच केंद्रात असं दिसलं की बापही हे काम करतो. साठेक दात असलेल्या तोंडात पोर धरायचं आणि त्याला ओरखडाही येऊ द्यायचा नाही! आमच्याकडे बापाचं तोंड मुलांसाठी वापरतात, पण फक्त ओरडायला.

पाट्यांचा विषय आलाच आहे तर तो संपवून टाकू. नदीकाठी ‘सावधान, मगरींचा वावर आहे, पाण्यात उतरू नये’ अशी पाटी लागते. पहिल्या आठवड्यात लोक ती वाचतात. दुसऱ्या आठवड्यात तिच्यासमोर उभं राहून फोटो काढतात, म्हणजे पाठीमागे पाटी आणि पुढे पाण्यात पाय. तिसऱ्या आठवड्यात पाटीच्या एका खांबाला म्हैस बांधलेली असते आणि दुसऱ्याला टॉवेल वाळत घातलेला. टॉवेलवाला कुठे आहे म्हणून विचाराल, तर तो पोहायला उतरलाय. ‘अरे बाबा, मगर आहे ना?’ म्हणावं, तर तो मानेपर्यंतच्या पाण्यातून सांगतो, ‘ती पलीकडे आसता.’ आसता हे खरंच. पण नदीला पलीकडची बाजू दोन्हीकडून असते, हे त्याला कुणी समजवायचं.

चिपळूणकरांनी या बाबतीत आमच्यापुढे मजल मारली आहे. वाशिष्ठीत मगरी भरपूर, आणि मालदोलीकडे त्या बघायला रीतसर होड्या जातात. 2024 च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला तर शहरातल्या रस्त्यावरूनच भर पावसात एक मगर चालत गेली आणि तिचं चित्रण देशभर फिरलं. मला त्यात सगळ्यात आवडली ती तिची चाल. पोट जमिनीपासून उचललेलं, पाय सरळ, कुठेही धावपळ नाही. नगरपालिकेच्या रस्त्यावर एवढ्या आत्मविश्वासाने चालणारा प्राणी मी पहिल्यांदाच बघितला. आपण खड्डे चुकवतो, तिला ते घरच्यासारखे वाटत असावेत.

या सगळ्यांत शहाणपणाचं वागणं शेजारच्या गोव्यातल्या शेतकऱ्यांचं. मांडवी आणि जुवारी या नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा मगरींसाठी प्रसिद्ध आहे, पर्यटक तिथेही होडीने जातात. पण त्या बाजूच्या दुर्भाट, बोरीसारख्या गावांत पर्यटकांच्या कितीतरी आधीपासून ‘मानगें थापणी’ चालते. मानगें म्हणजे मगर. पौषातल्या अमावास्येला शेतातल्याच चिखलाची मगर घडवतात, पाठीवर शिंपल्यांचे खवले बसवतात, हळद-पिंजर वाहतात, नैवेद्य दाखवतात. खाजण शेतीला खाऱ्या पाण्याची आणि बांध फुटण्याची भीती, त्याच पाण्यात मगर. तेव्हा वर्षातून एकदा तिला सांगून ठेवायचं की बाई, आमची तुझी ओळख आहे, बांध सांभाळ आणि आम्हालाही. मातीच्या मगरीसमोर हात जोडणारा माणूस खऱ्या मगरीला धोंडा मारत नाही, तिच्याबरोबर सेल्फी काढत नाही आणि ती किती वाजता येते हेही विचारत नाही. मुख्य म्हणजे यात 1390 एकर लागत नाहीत. मूठभर शिंपले आणि थोडा चिखल पुरतो.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत, नदीकाठी त्यांचा होमस्टे आहे. चार खोल्या, पुढे माड, मागे नदी, काकींच्या हातचे वडे आणि तिरफळाची कढी. एके वर्षी मागच्या काठावर मगर येऊ लागली आणि काकांपुढे धंद्याचा मोठा पेच उभा राहिला. सांगावं तर निम्मी गिऱ्हाइकं येणार नाहीत, न सांगावं तर उरलेली निम्मी पाण्यात उतरतील. मुंबईच्या भाच्याने सल्ला दिला की उलट जाहिरात करा, लोक आफ्रिकेला जातात याच्यासाठी. काकींचं म्हणणं वेगळं. ‘रातच्याक मागल्या दारान भांडी घासूक मी जातंय, तुझो भाचो जाणा नाय.’ शेवटी मधला मार्ग निघाला. पाठीमागच्या बाजूला कुंपण पडलं, भांडी घासायचा दगड विहिरीकडे आला आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला खोलीची किल्ली देतानाच काका स्वच्छ सांगू लागले की मागे नदी आहे, नदीत मगर आहे, कुंपणाच्या आत बसायचं, पाण्यात हात धुवायचा नाही आणि माशांचे काटे तिकडे टाकायचे नाहीत. काट्यांवर त्यांचा फार कटाक्ष. ‘एकदा खावक घातलास की ती उद्या परत येतली, नि परवा तुका शोधीत येतली,’ असं ते सांगतात. अ‍ॅलिगेटरला खाऊ घालणं हा फ्लोरिडात गुन्हा आहे, त्याचं कारण याहून थोडक्यात मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

गंमत म्हणजे गिऱ्हाइकं कमी झाली नाहीत. फक्त प्रश्न वाढले. ती भिंत चढते का? तिला कुत्रा आवडतो का? आमच्याकडे पामेरियन आहे, घेऊन येऊ का? एका बाईंनी विचारलं, ती शाकाहारी थाळीवाल्यांना काही करत नाही ना. काकांनी सगळ्यांना उत्तरं दिली. पामेरियनचं उत्तर जरा तोलून दिलं.

गेल्या थंडीत मी तिथे पडवीत चहा घेत बसलो असताना फोन वाजला. पलीकडचा आवाज मोठा होता, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं. दोन फॅमिली, तीन दिवस, खोली एसी हवी आणि मागच्या बाजूची हवी, ‘क्रोकोडाइल व्ह्यू’ वाली. काका म्हणाले, मागच्या दोन खोल्या आहेत, बघतो. पलीकडून आलं, व्ह्यूचे वेगळे पैसे घ्या, पण सकाळी नाश्त्याच्या आत दिसलीच पाहिजे, मुलांना दहाला तारकर्लीला डॉल्फिन आहेत.

‘तिका इचारतंय नि सांगतंय,’ काका म्हणाले.

क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग पलीकडच्या माणसाने पुढचा प्रश्न विचारला, ‘बरं, आणि चेक-आउट किती वाजता?’

‘तुमचा काय तिचा?’ काकांनी विचारलं.